उद्यमबागची नोकरी, अनगोळचा फ्लॅट: पहिल्या सहा महिन्यांचं एक प्रकरण

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली २३ वर्षांची मुलगी. बी.कॉम. झाली, टॅली शिकली आणि उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक भागातल्या एका मशीन शॉपमध्ये हिशेबाच्या टेबलावर १५,००० रुपयांवर लागली. तिची जोडीदारीण महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातली, डीएमएलटी हा लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा केलेली, बेळगावात कॅम्पमधल्या एका लॅबमध्ये १४,००० रुपयांवर. दोघींनी मिळून अनगोळला दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके घेतला. भाडं ७,५००, मेंटेनन्स ५००, डिपॉझिट ५०,०००. १ जूनला सामान आलं.

हे प्रकरण कुणा एकीचं नाही. सीमाभागातून बेळगावात पहिल्यांदा बिऱ्हाड करणाऱ्यांच्या बाबतीत जे पुन्हा पुन्हा घडतं, त्यावरून ते जुळवलेलं आहे. म्हणून दोघींना नुसतं खानापूरची आणि चंदगडची म्हणू. पगार, भाडं आणि खर्चाच्या रकमा या प्रकरणापुरत्या आहेत. नियम आणि तारखा मात्र खऱ्या.

फुकट बस असताना खोली कशाला?

खानापूरच्या घरचा हा पहिला प्रश्न होता, आणि तो रास्त होता. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली राज्यातल्या बायकांना साध्या बसने फुकट प्रवास आहे. नंदगडच्या पुढच्या गावातून रोज ये-जा केली असती तर तिकिटाचा एक रुपया लागला नसता.

लागले असते ते तास. गावातून फाट्यापर्यंत चालणं, खानापूरला बस बदलणं, पुढे उद्यमबागेपर्यंत पोचणं, असं धरून रोजचे साडेतीन तास. महिन्याचे २६ दिवस कामाचे, म्हणजे ९१ तास. तिच्या वाटणीचं भाडं आणि मेंटेनन्स मिळून ४,०००. भागाकार केला तर तासाला ४४ रुपये. हे वाचलेले तास तासाला ४४ रुपयांपेक्षा जास्त कमावणार असतील तर खोली परवडते, नाहीतर ती हौस आहे. घरच्यांना हा हिशेब पटला, कारण तो त्यांच्याच भाषेत होता. पुढचे सहा महिने याच एका आकड्यावर तपासायचे आहेत.

डिपॉझिट आणि पहिले चाळीस दिवस

पगार हातात किती येतो इथून सुरुवात. १५,००० मध्ये बेसिक आणि डीए मिळून १२,०००. त्यावर १२ टक्के पीएफ म्हणजे १,४४०. ईएसआय (कामगार आरोग्य विमा) पूर्ण १५,००० वर पाऊण टक्का, म्हणजे ११३. कर्नाटकात प्रोफेशनल टॅक्स २५,००० च्या खालच्या पगाराला नाही. हातात १३,४४७. चिठ्ठीवर पीएफ कापलेला दिसतो, पण तो भरलाय की नाही हे यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) चालू करून पासबुकातच बघायचं, आणि तेही दुसऱ्या महिन्यातच. ईएसआयचं कार्डही पहिल्याच महिन्यात मागून घ्यावं. पगार २१,००० च्या आत असेपर्यंत तेच तिचं आजारपणाचं छत्र.

गोम अशी की जूनचा पगार १० जुलैला मिळतो. तोवरचं सगळं आधीच्या पैशातून. तिच्या वाटणीचं डिपॉझिट २५,०००, जूनचं भाडं ४,०००, करारनाम्याचा अर्धा खर्च ४००, शेगडी-भांडी-गादी-बादल्या ७,०००, जूनचा किराणा-भाजी आणि किरकोळ ४,०००, १० जुलैपर्यंतचा खर्च जुलैच्या भाड्यासकट ५,५००. बेरीज ४५,९००. जवळ होते ३२,०००, भिशीचे आणि कॉलेजात असताना शिकवण्यांतून साठवलेले. दलाल नव्हता म्हणून आणखी एका भाड्याची रक्कम वाचली. अनगोळ, वडगाव, मजगाव या भागांत गल्लीतून पायी फिरलं तरी खिडकीवरच्या पाट्या सापडतात. पाटी कन्नडमध्ये असते तेव्हा ‘बाडिगे’ म्हणजे भाडं आणि ‘मुंगड’ म्हणजे आगाऊ रक्कम, एवढं ओळखता आलं तरी पुरे.

घरमालकीण काकूंनी डिपॉझिट दोन हप्त्यांत घ्यायचं मान्य केलं. निम्मं किल्लीबरोबर, निम्मं १५ ऑगस्टला. मुलींना हा मोठा दिलासा वाटला, आणि पहिली चूक इथंच झाली. १२,५०० पुढे ढकलले गेले तरी महिन्याची शिल्लक किती पडणार हे कुणी मांडलंच नाही. खर्च असा होता: भाडं ४,०००, किराणा-भाजी ३,०००, इंधन २५०, पाणी १००, फोन ३००, घरी २,०००, पोस्टातलं आरडी १,५००, औषधपाणी ५००. एकूण ११,६५०. उरतात १,७९७. दोन पगारांत जेमतेम ३,६०० साठणार, तर १५ ऑगस्टला १२,५०० कुठून येणार? स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त तेवढा छान होता.

शेवटी आईच्या बचत गटातून शेकडा दीडने १०,००० उचलावे लागले. तेच डिपॉझिट पाच-सहा हप्त्यांत मागून, तारखांसकट करारात लिहून घेतलं असतं तर हे कर्ज टळलं असतं. मालक हप्त्यांना तयार झाला, तर तो दोनवरच अडतो असं नाही. विचारणाराच दोनवर थांबतो.

मधेच एका दलालाने लीजचा फ्लॅट सुचवला होता. तीन लाख एकरकमी द्या, दोन वर्षं भाडं नाही, जाताना तीन लाख परत. कर्नाटकात ही पद्धत सर्रास आहे. तीन लाख १२ टक्क्यांनी काढले तरी महिन्याला व्याज ३,०००, भाडं मात्र ७,५००. कागदावर हा सौदा फारच गोड दिसतो. पण बहुतेक मालक नव्याचे तीन लाख घेऊन जुन्याचे तीन लाख फेडतात. पुढचा मिळाला नाही की आधीचा अडकतो. लीजवर जायचंच असेल तर राज्याच्या नोंदणी खात्याच्या कावेरी संकेतस्थळावरून मिळकतीची ईसी (बोजा दाखला) काढावी. फॉर्म १५ आला तर नोंदी आहेत, त्यात बँकेचा नोंदवलेला बोजा दिसतो. फॉर्म १६ म्हणजे त्या मुदतीत नोंद नाही. शिवाय एक वर्षावरचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, साध्या बाँडवर भागत नाही. पहिल्या नोकरीत, कर्ज काढून, लीज नकोच.

कराराचा कागद

करार ११ महिन्यांचा का, तर वर्षापुढच्या पट्ट्याला नोंदणी लागते म्हणून. इथंही ११ महिनेच झाला, ई-स्टँपवर. काकूंच्या मुलाचा आग्रह साध्या कागदासाठी होता. ई-स्टँपचा आग्रह खानापूरचीने धरला आणि बरं केलं, कारण पुढे वीज आणि गॅस दोन्हीकडे तोच कागद लागला.

दुसरी चूक मात्र या कागदातच राहिली. आधार कर्नाटकातलं म्हणून भाडेकरू म्हणून फक्त खानापूरचीचं नाव घातलं. चंदगडची ‘सोबत राहणारी’ म्हणूनसुद्धा कुठं नव्हती. लॅबने पगारासाठी बेळगावच्या बँकेत खातं काढायला सांगितलं, तेव्हा तिच्याकडे शहरातला पत्ता दाखवायला काहीच नव्हतं. ऑगस्टमध्ये पुरवणी कागद करून तिचं नाव घालावं लागलं. स्टँप आणि टायपिंग पुन्हा भरलं ते वेगळंच. डिपॉझिट निम्मं-निम्मं असेल तर करारातही दोघींची नावं आणि कुणाचे किती, हे आलंच पाहिजे. उद्या एकीचं लग्न ठरलं तर तिचे २५,००० कुणी द्यायचे, मालकाने की उरलेल्या मैत्रिणीने, हा वाद या एका ओळीने मिटतो.

मसुदा कन्नडमध्ये होता. सही करण्याआधी खानापूरचीने ऑफिसातल्या कन्नड सहकाऱ्याकडून तो ओळ न् ओळ वाचून घेतला. त्यात एक कलम होतं: घर सोडताना रंगासाठी एका महिन्याचं भाडं कापलं जाईल. ही इथली रूढीच आहे, त्यामुळे ते पूर्ण काढून टाकणं अवघड. पण ‘दोन वर्षांच्या आत सोडल्यास निम्मं’ एवढी दुरुस्ती काकूंनी मान्य केली. याशिवाय चार गोष्टी हाताने लिहून घेतल्या: दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस, डिपॉझिट किल्ली दिल्यापासून १५ दिवसांत परत, नूतनीकरणाला भाडेवाढ ५ टक्क्यांवर नाही, आणि वीजमीटरचा आरआर नंबर (ग्राहक क्रमांक) व त्या दिवसाचं रीडिंग.

काकूंची पहिली चौकशी मात्र कागदाची नव्हतीच. “दोघीच काय गे? घरची माणसं कोण हाईत? रात्री किती वाजता येतालीसा?” एकट्या मुलींना हे प्रश्न येणारच. रागावून उपयोग नाही. दोघींच्या आयांनी एकदा येऊन चहा घेतला, नोकरीची पत्रं दाखवली, आणि महिनाअखेर लॅबची पाळी रात्री नऊला सुटते हे आधीच सांगून टाकलं. पोलीस पडताळणीसाठी आधारची प्रत मागितली तर द्यावी, पण तिच्यावर ‘फक्त भाडेकरू पडताळणीसाठी’ असं लिहून तारीख घालून.

मीटर

गृहज्योती योजना कर्नाटकात १ जुलै २०२३ पासून आहे. घरगुती वापर २०० युनिटांच्या आत असेल तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत वीज माफ. भाडेकरूलाही ती मिळते, पण त्यासाठी फ्लॅटला हेस्कॉमचा (इथल्या वीज कंपनीचा) स्वतंत्र मीटर हवा. मालकाच्या एका मीटरवरून सब-मीटर काढलेल्या घरात भाडेकरूच्या नावावर काहीच येत नाही. म्हणून घर बघायला गेल्यावर आधी जिन्याखालचा मीटर बोर्ड बघावा. आपल्या फ्लॅटचा आरआर नंबर दाखवा म्हटल्यावर कुणी चाचपडायला लागलं, तर काय समजायचं ते समजावं.

इथं मीटर स्वतंत्र होता, तरी जूनचं बिल पूर्ण आलं. कारण त्या आरआर नंबराला आधीच्या भाडेकरूचं आधार जोडलेलंच होतं. ते सोडवून घेऊन मगच राज्याच्या सेवा सिंधू पोर्टलवर नवं आधार जोडता येतं. त्यात जुलै गेला. किल्ली घेतानाच मालकाला सांगून जुन्याचं आधार सोडवून घ्यायला हवं होतं.

जोडणी झाल्यावरही बिल शून्य झालं नाही, तेव्हा दोघी बुचकळ्यात पडल्या. २०० युनिट सरसकट फुकट, असा गैरसमज घराघरांत आहे. जुन्या वापराचा दाखला नसलेल्या नव्या भाडेकरूसाठी राज्याची सरासरी ५३ युनिट धरतात. तिच्यावर १० टक्के म्हणजे ५८. तेवढीच माफ. ५८ च्या वर आणि २०० च्या आत असेल तर वरच्या युनिटांचे पैसे भरायचे. २०० ओलांडले की सगळं बिल.

यांचा वापर ११७ युनिटांचा होता. तो आला कुठून? २,००० वॅटचा गिझर रोज अर्धा तास, महिन्याला ३० युनिट. १,८०० वॅटची इंडक्शन शेगडी रोज तासभर पूर्ण आचेवर, ५४ युनिट. पंखा १७, दिवे ६, इस्त्री ५, मोबाइल-लॅपटॉप ५. म्हणजे जवळपास निम्मा वापर एकट्या शेगडीचा. गॅस जोडणीची कटकट नको म्हणून घेतलेली ही शेगडी सगळ्यात महाग पडली. ऑगस्टपासून स्वयंपाक गॅसवर आणि गिझर पंधरा मिनिटं, एवढंच बदललं. ११७ वरून वापर ४८ वर आला आणि बिल शून्य झालं.

गॅसचं असं: पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही, पण किलोमागे महाग पडतो. पहिले दोन महिने तो घ्यावा, करारनामा हातात आल्यावर १४.२ किलोची घरगुती जोडणी करावी. यांनी मधला टप्पा गाळून थेट इंडक्शन घेतली होती.

त्या शेगडीने आणखी एक घोळ केला. स्वयंपाकघरात ६ अँपिअरचाच सॉकेट होता. १,८०० भागिले २३० म्हणजे पावणेआठ अँपिअर. दोन आठवड्यांत सॉकेट तापून काळा पडला. १,५०० वॅटचा पाण्यात टाकायचा रॉडसुद्धा साडेसहा अँपिअर ओढतो, तोही या सॉकेटवर चालवायचा नाही. १६ अँपिअरचा सॉकेट हवा, आणि बोर्डापासून त्याच्यापर्यंतची वायरही तशीच जाड हवी. नुसता सॉकेट बदलला तर पुढे भिंतीतली वायर जळते. हे काम मालकाचं. करार होण्याआधी सांगितलं तर होतं, नंतर सांगितलं तर ‘आधीचे भाडेकरू कसे राहिले’ हे ऐकावं लागतं.

पाणी, आणि नैर्ऋत्येची भिंत

बेळगावला पाणी राकसकोप आणि हिडकल या दोन जलाशयांतून येतं. शहराच्या काही प्रभागांत चोवीस तास नळ आहे, बाकीकडे पाळी. या अपार्टमेंटला वापरायला बोअरचं पाणी टाकीतून आणि पिण्याचं नळाला चार-पाच दिवसांतून एकदा, तेही तळमजल्यावर, बऱ्याचदा सकाळी दहानंतर. दोघीही त्या वेळी कामावर. घर बघताना सगळे नळ सोडून बघतात, पण नळाला पाणी येतं त्या वेळी भरणार कोण हा प्रश्न कुणी विचारत नाही. दोघींना पिण्यास आणि स्वयंपाकाला दिवसाला १० लिटर, पाच दिवसांचे ५० लिटर. ६० लिटरचं झाकणाचं पिंप आणि २० लिटरचे दोन कॅन घेतले. खालच्या मजल्यावरच्या आजींनी पाइप लावून पिंप भरून द्यायचं कबूल केलं, आणि त्याबदल्यात त्यांची बँकेची व औषधांची कामं चंदगडची करू लागली. या व्यवस्थेला पर्याय नव्हता. शुद्ध पाण्याच्या मशीनवरून २० लिटरचा कॅन दुसऱ्या मजल्यावर चढवणं रोज जमत नाही.

घर मे महिन्यात पाहिलं होतं. बेडरूमला ताजा रंग होता, आणि ताज्या रंगाचा संशय घ्यायचा असतो. बेळगावचा पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच बाजूची भिंत ओली झाली, मग लोणा लागला, कपाटातल्या कपड्यांना बुरशी आली. उन्हाळ्यात घर बघताना हे कळतं कसं? रस्त्यावर उभं राहून त्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीत चिरा आणि हिरवट-काळे ओघळ आहेत का ते बघायचं. आत माळ्यावर आणि भिंतीतल्या कपाटाच्या मागच्या बाजूला हात फिरवायचा, तिथं रंग देत नाहीत. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात बोटाच्या पेराने टकटक करायची, पोकळ वाजलं तर गिलावा सुटलेला आहे. सामान आणायच्या दिवशी सगळ्या भिंतींचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते, तेवढं एक शहाणपण कामाला आलं. ओल आमच्यामुळे नाही हे सिद्ध करायला वेगळं भांडावं लागलं नाही.

एकाच फ्लॅटमधली दोन राज्यं

खानापूरची सीबीटीला (शहराच्या मुख्य बसस्थानकाला) किंवा गावी जाते ती फुकट. चंदगडची त्याच बसमध्ये तिकीट काढते, कारण शक्तीसाठी कर्नाटकातल्या पत्त्याचं ओळखपत्र लागतं. अनगोळ ते कॅम्प ये-जा तिला महिन्याला साडेसातशेच्या घरात पडते. आधारवरचा पत्ता बेळगावचा करून टाक, असा सल्ला तिला सगळ्यांनी दिला. घाई करू नये. महाराष्ट्राच्या एसटीत तिला अर्धं तिकीट आहे, पण प्रश्न बसचा नाही. ती महाराष्ट्रातल्या आरोग्य विभागाच्या भरतीची तयारी करतेय, आणि अधिवास व जातीचे दाखले तिकडचेच लागणार. रेशनकार्डावरचं नाव, आधारचा पत्ता, मतदार यादी हे सगळं एका राज्यात असलं की दाखल्याच्या वेळी खुलासे करावे लागत नाहीत. महिन्याचे ७५० ही त्या सोयीची किंमत आहे आणि निदान दोन वर्षं ती मोजावी. बेळगावातच कायम राहायचं ठरलं तर मग बदलावा.

भाडं फेडणारे तास

आता त्या ९१ तासांकडे. ऑगस्टपासून खानापूरचीने एका दुकानाचं हिशेबाचं काम घेतलं, सप्टेंबरात तीन झाली, नोव्हेंबरात चार. दुकानामागे महिन्याला १,२००. मशीन शॉपच्या मालकांना आधी सांगून, आणि त्यांच्या धंद्यातलं गिऱ्हाईक न घेता.

छोटी दुकानं जीएसटीच्या बहुतेक तिमाही पद्धतीत असतात. जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) तिमाहीनंतर १३ तारखेला, ३बी (कराच्या भरण्याचं) कर्नाटकात २२ तारखेला. कारखान्याचं मासिक काम ११ आणि २० ला. म्हणजे ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल, जुलैत दोन्ही कामं एकमेकांच्या अंगावर येतात. ऑक्टोबरात तीन दुकानांची तीन महिन्यांची बिलं एकदम आली आणि ती चार रात्री जागली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी दुकानात जाऊन आठवड्याची बिलं चढवायची, आणि तिमाहीनंतर १४ तारखेला २बी (पोर्टलवरची खरेदीची यादी) आलं की खरेदी ताडून घ्यायची, असा शिरस्ता पडला. लॉगिनचा मोबाइल नंबर व्यापाऱ्याचाच ठेवायचा. ओटीपी त्याने द्यायचा, रिटर्नची जबाबदारी त्याचीच राहते.

सीमेवरच्या हिशेबनीसाला एक नजर जास्त लागते. खासबागेतल्या एका हार्डवेअर दुकानाने शिनोळीच्या कारखान्याला टेम्पोने माल पोचवला आणि बिलात राज्यातल्या विक्रीचा ९ अधिक ९ असा सीजीएसटी-एसजीएसटी लावला. शिनोळी बेळगावपासून हाकेच्या अंतरावर, दुकानदाराच्या मनात ते गावातच. पण ते चंदगड तालुक्यात, महाराष्ट्रात. गिऱ्हाइकाच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे २७, आपले २९. माल राज्याबाहेर गेला, तर आयजीएसटी १८ टक्के. रिटर्न भरण्याआधी सापडलं म्हणून क्रेडिट नोट आणि नव्या बिलावर निभावलं. भरल्यानंतर सापडलं असतं तर बरोबरचा कर पुन्हा भरून चुकीचा परत मागत बसावं लागतं. त्याहून लपलेली बाब ई-वे बिलाची, म्हणजे माल वाहतुकीच्या ऑनलाइन कागदाची. एरवी ५०,००० च्या वर लागतं, पण उद्यमबागेतून शिनोळीला जॉबवर्कला कास्टिंग पाठवलं तर राज्य बदलतं, म्हणून रक्कम कितीही लहान असो, ई-वे बिल लागतंच.

नोव्हेंबरात वरकमाई ४,८०० झाली. चार दुकानांना मिळून ती महिन्याला साधारण ४५ तास देते, म्हणजे तासाला शंभरच्या वर, आणि सगळ्या ९१ तासांवर वाटली तरी ५२ च्या वर. ४४ चा आकडा मागे पडला. गटाच्या कर्जातले ६,००० फिटले, ४,००० राहिलेत. तेवढे जानेवारीअखेर जातील.

भिंतीचं काम काकूंनी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काढलं. त्यांना ते गणपतीच्या आधी, आतूनच, रंग मारून उरकायचं होतं. दोघींनी थांबवलं. ओल्या भिंतीवर आतून दिलेला रंग पोपडे होऊन गळतो, म्हणून पाऊस गेल्यावर भिंत महिना-दीड महिना सुकू दिली, बाहेरून चिरा उकरून भरल्या, त्यावर वॉटरप्रूफचे दोन हात दिले, आणि आतला लोणा खरवडून पुट्टी सगळ्यात शेवटी. खर्च मालकाचा. कपाट आता समोरच्या भिंतीला लावलंय, चार बोटं अंतर सोडून.